जुनी ब्रिटिश लाइटवेट सायकल: आधी ओळखा, मग पाना उचला

तीन वर्षांपूर्वी डर्बीजवळच्या एका गावात, जुन्या सायकलींच्या सुट्या भागांच्या बाजारात, मी ५५ पौंडांना एक फ्रेम घेतली. कुणीतरी ती घराच्या दारांना लावायच्या हिरव्या रंगाने, ब्रशने, अगदी जाड थर देऊन रंगवली होती. त्यावर खालच्या नळीला ‘क्लॉड बटलर’ असं चकचकीत स्टिकर. विकणारे आजोबा म्हणाले, पन्नासच्या दशकातली लंडनची फ्रेम आहे. घरी आल्यावर बीबीची नळी, म्हणजे पायडलांचा एक्सल जिच्यात फिरतो ती खालची आडवी नळी, मोजली तर ७१ मिलिमीटर भरली. लंडनच्या त्या काळातल्या चांगल्या फ्रेमची ती ६८ असते. तिच्या दोन्ही टोकांचे, छर्रे धरणारे कप काढून आटे पाहिले तर नेहमीपेक्षा बारीक, इंचाला २६. ही दोन मापं एकत्र दिसली की फ्रेमचं गाव एकच: नॉटिंगहॅम. कारखाना रॅलेचा. स्टिकर केव्हातरी मागाहून कुणी हौसेने लावलेलं.

आजोबांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही तसंच सांगितलं गेलं असणार. पण जुन्या सायकलीच्या बाबतीत नाव सगळ्यात शेवटी वाचायचं हे त्या दिवशी पक्कं झालं. नावाचं स्टिकर आजही दोन-चार पौंडांत मिळतं. बीबीचे आटे कुणी बदलत बसत नाही.

माझ्या काकांचं सोलापुरात सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्याने सायकली, पंक्चर, आउट काढणं (डगमगतं चाक सरळ करणं), दिवाळीच्या आधी ओव्हरहॉलिंग. दुरुस्तीला आलेल्या सायकलीला पाना लावायला गेलो की ते हातावर फडकं ठेवायचे. “आधी पूस. पुसताना कळतं काय झालंय ते.” खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या फडक्याचंच आहे.

लाइटवेट म्हणजे कोणती सायकल

आपल्याकडे विलायती सायकल म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती काळी, दांड्यांच्या ब्रेकची, २८ × १ १/२ टायरची, अठरा-वीस किलोची. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस. इंग्लंडमध्ये तिला रोडस्टर म्हणतात आणि ती पोस्टमन, पोलीस, कारखान्यातला कामगार यांची. लाइटवेट ही निराळी जात. पातळ नळ्या, वाकडं हँडल, केबलचे ब्रेक, अरुंद टायर, वजन साधारण दहा ते बारा किलो. ही क्लबवाल्यांची सायकल. आठवडाभर गिरणीत किंवा कचेरीत काम करायचं आणि रविवारी शंभर मैल मारून यायचं, असे लोक ती पैसे साठवून घेत. बहुतेक वेळा अंगाचं माप देऊन, छोट्या कारागिराकडून.

तिथल्या रस्त्यांवर सगळ्यांनी एकत्र सुटायच्या शर्यतींना नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या सायकलस्वारांच्या संघटनेचा विरोध होता. पर्सी स्टॅलर्ड या सायकलपटूने ७ जून १९४२ रोजी लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत घेतलीच, तर संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. मान्य होती ती टाइम ट्रायल: पहाटे, काळ्या कपड्यांत, एकामागून एक सुटायचं. हौशी स्पर्धकाने सायकलवाल्याची जाहिरात करायची नाही, असा दंडक. मग फोटोत नाव दिसलं नाही तरी फ्रेम ओळखू यावी म्हणून कारागिरांनी आकारच वेगळे काढले, असं तिथले जुने लोक सांगतात. टॉटनहॅमच्या हेचिन्सच्या मागच्या नळ्या नागमोडी. ब्रॅडफर्डच्या बेन्सच्या ‘फ्लाइंग गेट’ला मध्ये उभी जादा नळी आणि चाकं एकमेकांना अगदी खेटून. लंडनच्या बेट्सचा पुढच्या चाकाचा चिमटा दोन ठिकाणी वळलेला. यांतली एखादी समोर आली तर हा लेख बाजूला ठेवा आणि जाणकाराला गाठा. पण हाती येतात त्या बहुधा साध्या, सरळ फ्रेमी. त्यांच्यासाठी पुढचं.

मोजपट्टी आणि फडकं घेऊन बसा

सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं लेबल आहे का, हे सगळे आधी पाहतात. ५३१ म्हणजे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली आणलेलं मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद. नळीची टोकं जाड आणि मधला भाग पातळ ठेवायची युक्ती त्यांच्याकडे त्याही आधीची, १८९७ च्या पेटंटची. लेबलवरचा मजकूर पूर्ण वाचा. कधी फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ असतात, तर कधी चिमटा आणि मागच्या बारीक नळ्याही. तसं लेबलवर लिहिलेलं असतं. लेबल नसेल तर सीटचा दांडा काढा आणि व्हर्नियरने मोजा. २७.२ मिमी असेल तर नळी पातळ, म्हणजे बहुधा चांगली. २६.४ ते २६.८ म्हणजे जाड भिंतीची. २५.४ म्हणजे स्वस्त पोलाद. दांड्यावर विश्वास ठेवू नका, नळीचं तोंडही मोजा, कारण आधीच्या मालकाने बारीक दांड्याभोवती पत्रा गुंडाळून काम भागवलेलं असू शकतं. माझ्या दुसऱ्या एका फ्रेममधून बिअरच्या डब्याचा पत्रा निघाला.

सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी हवी, म्हणजे सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी. २८.० भरली तर फ्रेम फ्रेंच असण्याची शक्यता आहे, आणि मग आटे, हँडलचा दांडा, सगळीच मापं वेगळी.

आता बीबी. ब्रिटिश प्रमाण माप म्हणजे रुंदी ६८ मिमी, आटे इंचाला २४. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याचं माप इंचाला २६ आटे, रुंदी ७१ किंवा ७६. हेडच्या, म्हणजे चिमटा जिच्यात फिरतो त्या पुढच्या नळीच्या, आट्यांचंही तेच: इतरांचे २४, रॅलेचे २६. आटे मोजायची पट्टी नसेल तर माहीत असलेला कप शेजारी धरून दोन्हींचे दात एकमेकांत बसतात का ते पाहा. दोन-तीन दातांनंतर घसरले तर माप वेगळं. हे नीट पाहिलं नाही तर नवा कप जबरदस्तीने फिरवून फ्रेमचेच आटे मारले जातात. त्याला मग इलाज महाग.

फ्रेमचा नंबर बीबीच्या खाली, सीटच्या लगवर (लग म्हणजे नळ्या जिथे मिळतात तिथलं पोलादी खोबणं) किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ ठोकलेला असतो. रंगाखाली दबला असेल तर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटतो. चांगल्या कारागिरांनी तोच नंबर चिमट्याच्या उभ्या नळीवरही ठोकलेला असतो. हेड उघडाल तेव्हा तो जुळवा. जुळला तर चिमटा मूळचा. नंबरावरून साल काढण्याची मात्र घाई नको. काहींच्या नंबरात साल दडलेलं असतं, काहींचा नुसता चढता क्रम. त्यामुळे आधी कारागीर ठरायला हवा, नंबर मग बोलतो. इंग्लंडमधल्या व्हेटरन-सायकल क्लबकडे जुन्या कॅटलॉगांचा आणि नोंदींचा मोठा साठा आहे, आणि एकेका जुन्या नावाचा अभ्यास असलेली जाणकार मंडळी आहेत. त्यांना पाठवायला स्वच्छ फोटो हवेत: दोन्ही बाजू, सगळे लग, बीबीचा तळ, मागच्या खाचा, चिमट्याचा माथा.

नक्षीदार लग पाहून हुरळू नका. नर्व्हेक्स प्रोफेशनल नावाचे वळणदार फ्रेंच लग पन्नासच्या दशकात डझनावारी कारागिरांनी वापरले. नक्षीपेक्षा लगची कड पाहा. ती कानशीने किती पातळ केली आहे आणि जोडाचं वितळलेलं पितळ सगळीकडे सारखं उतरलं आहे का, यावरून हात कळतो.

बाकीच्या खुणा छोट्या पण बोलक्या. चिमट्याच्या उजव्या पायावर दिव्यासाठी पितळेचा डाग देऊन जोडलेली गुंडी असेल तर फ्रेम ब्रिटिश आणि बहुधा क्लबवाल्याची. गाड्या डाव्या बाजूने, म्हणून दिवा उजवीकडे. मागच्या खाचा पाठीमागे उघडत असतील तर एका गिअरच्या किंवा फिक्स (फ्रीव्हील नसलेल्या) चाकाच्या काळातली किंवा ट्रॅकची. पुढे उघडत असतील तर गिअरची. मागच्या दोन खाचांमधलं अंतर ११० च्या आसपास असेल तर एक दाता (मागचं दातेरी चाक), ११४ स्टर्मी-आर्चरच्या गिअरच्या हबला, १२० पाच दात्यांच्या फ्रीव्हीलला. कुणी पुढे रेटून रुंद केलं असेल तर तेही इथेच कळतं.

चाकं असतील तर आरे मोजा. पुढे ३२, मागे ४० म्हणजे जुनं ब्रिटिश चाक. तुम्ही म्हणाल, ही तर आपल्या काळ्या सायकलीचीही गिनती. बरोबर. आपली काळी सायकल त्याच घराण्यातली, आणि तिने ती गिनती अजून सोडलेली नाही; ब्रिटिशांनी मात्र पुढे ३६-३६ धरली. स्टर्मी-आर्चरचा हब असेल तर कवचावर मॉडेलचं नाव आणि आकडे ठोकलेले असतात. ‘एडब्ल्यू’ आणि खाली ‘५२ ६’ म्हणजे १९५२ सालचा जून. युद्धाआधीच्या हबवर सालाचा एकच आकडा असतो. पण हा चाकाचा जन्मदाखला, फ्रेमचा नव्हे. क्लबवाले चाकं बदलत असत, म्हणून एका हबवर साल ठरवू नका. तीन-चार वस्तू एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या की मग बोला.

महाराष्ट्रात शोधणाऱ्यांसाठी दोन शब्द. इथे जुन्या घरांत सापडतात त्या जवळजवळ सगळ्या रोडस्टर. त्यातही बिल्ला नीट वाचा: आसनसोलला सेन-रॅलेच्या आणि मद्रासला टीआय सायकल्सच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश नावांच्या सायकली बनू लागल्या. त्यात कमीपणा काही नाही, पण ती इंग्लंडची नव्हे. नजर तयार करायची असेल तर पुण्याला कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय एकदा सावकाश पाहून या.

पैसे देण्याआधी

गंजाला घाबरू नका, वाकण्याला घाबरा. वरच्या आणि खालच्या नळीला, हेडच्या लगच्या मागे तीन-चार इंचांवर, खालच्या बाजूने बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला की समजा सायकल समोरून कशावर तरी आदळली होती. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. जाड रंगाखाली तर हमखास लपतं.

मग दोरा. मागच्या एका खाचेपासून सुरू करून हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच असेल तर फ्रेम तिरकी. ५३१ थंडच वाकवून सरळ करता येतं, पण ते सरावलेल्या कारागिराचं काम.

बीबीच्या लगेच मागे, खालच्या दोन नळ्यांच्या मुळाशी पाणी साचतं. तिथे दाभणाच्या टोकाने टोचून पाहा. आत गेलं तर नळी बदलावी लागेल. सीटच्या लगचे कान ओढून ओढून एकमेकांना चिकटले आहेत का, तिथे बारीक चीर आहे का, तेही पाहा. शेवटी सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का. अडकलेला दांडा हे भाव पाडायचं सगळ्यात चांगलं कारण आहे, आणि घरी नेल्यावर डोकेदुखीचंही.

खोलताना

खोलण्याआधी फोटो. केबल कुठून कशी जाते, वॉशर कोणत्या बाजूला, ब्रेकचा बोल्ट किती लांब, सगळ्याचे. नंतर प्रत्येक जागेचे भाग वेगळ्या डब्यात. जुने वॉशर फेकू नका. ब्रिटिश आट्यांचा बारका नट आज हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर धरून ठेवणारी खीळ, हा पहिला अडसर. पिनवर थेट हातोडा घातला की तिचे आटे मशरूमसारखे पसरतात, आणि मग ड्रिल करण्यावाचून सुटका नाही. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवा. आदल्या रात्री पातळ तेल सोडा. क्रँकखाली पोलादी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, म्हणजे ठोक्याचा भार छर्‍यांवर न जाता जमिनीत जाईल. मग एकच जोरदार ठोका. दहा हलक्या ठोक्यांनी पिन फक्त फुगते. कॉटर दाबून काढायचा प्रेस मिळाला तर हातोडा विसरा. एकदा घाईत होतो म्हणून क्रँक एका दुकानात दिला, आणि तो परत आला बीबीच्या एक्सलवर खड्डा घेऊन. तेव्हापासून हे काम मी कुणाला देत नाही.

पिनचं मापही पाहून घ्या. रॅलेला साडेनऊ मिमी लागते, इतर काहींना नऊ.

बीबीचा उजवा, म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट आट्यांचा असतो. डावं पायडलही उलट आट्यांचं. हे डोक्यात नसलेल्या माणसाच्या हातात लांब पाना म्हणजे संकटच. उजव्या कपाची आतली वाट गुळगुळीत असेल तर तो काढूच नका. आत फडकं फिरवा, टॉर्चने पाहा, खड्डे नसतील तर राहू द्या.

अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत अडकला असेल तर त्यांच्यातला गंज हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्याला तेल फारसं लागू पडत नाही. घरगुती अमोनिया पडतो. फ्रेम उलटी टांगून बीबीतून थोडा थोडा सोडायचा, दोन-तीन दिवस, उघड्यावर, हातमोजे घालून. मग दांड्याचं डोकं व्हाइसमध्ये धरून फ्रेम फिरवायची. दोघांनी, सावकाश. अगदी शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा: तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, पोलादाला काही करत नाही, पण रंग खातो, उष्णता आणि हायड्रोजन सोडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी तो एकदाच वापरला आहे. पोलादी दांडा पोलादात अडकला असेल तर मात्र तेल आणि धीर.

रंग: इथेच बहुतेक सायकली मरतात

फ्रेम मोकळी झाली की सगळ्यांना एकच सुचतं, की सगळं खरवडा आणि नवं करकरीत रंगवा. थांबा. सत्तर वर्षांपूर्वीचा भट्टीत भाजलेला इनॅमल, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, वार्निशखाली बसवलेली नावं, हे सगळं मिळून फ्रेमची ओळख असते. एकदा गेलं की नंबराशिवाय पुरावा राहत नाही. खरचटलेला मूळ रंग जाणकारांच्या बाजारातही नव्या रंगापेक्षा जास्त भाव खातो, पण ते कारण दुय्यम.

म्हणून आधी कोमट पाणी आणि थोडा साबण. मग मऊ फडक्यावर पातळ तेल. ते वाळलेल्या इनॅमलमध्ये जीव आणतं, आणि अनेकदा इथेच काम संपतं. त्यानंतरच रंग घासायची पेस्ट, तीही आधी बीबीच्या तळाशी करून पाहा. फडक्यावर लाल किंवा निळा रंग उतरू लागला तर हात काढा. पन्नासच्या दशकात ‘फ्लँबॉयंट’ नावाचे रंग फार चालले: खाली चांदी, वर पारदर्शक रंगाचा पातळ थर. पेस्टने वरचा थर जातो आणि खालून चांदी डोकावते, मग ते कशानेच जुळत नाही. ट्रान्स्फरच्या, म्हणजे वार्निशखाली बसवलेल्या नावांच्या, अक्षरांवर पेस्ट कधीच नाही, सोनं दोन घासांत जातं.

माझ्या फ्रेमसारखा वरून घरगुती रंग दिलेला असेल तर आशा सोडू नका. भाजलेला इनॅमल घरगुती रंगापेक्षा कठीण असतो. केस वाळवायच्या यंत्राने हलकं गरम करायचं आणि प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने सोलायचं, एका वेळी पोस्टाच्या तिकिटाएवढं. रंग काढायचं रसायन नको, ते दोन्ही थर नेतं. कोरडी घासणी तर मुळीच नको, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओलं ठेवा आणि मास्क लावा. मला या कामाला अकरा संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी सीटच्या नळीवर ५३१ चं अर्धं लेबल वर आलं. सातव्या संध्याकाळी हेडच्या नळीवर बुजवलेली दोन भोकं सापडली, बिल्ला बसवायच्या रिव्हेटांची. मूळ रंग काळा निघाला.

उघड्या गंजाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्याला साधारण ३० ग्रॅम, छोटे पोलादी भाग रात्रभर बुडवून, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडे करून तेल. पूर्ण फ्रेमला प्लॅस्टिकची जुनी टाकी लागते. हे विष आहे, मुलं आणि कुत्री दूर ठेवा. क्रोमवरच्या तांबूस ठिपक्यांना स्वयंपाकातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा ओला करून घासा. चमक पिवळसर वाटली तर तो क्रोम नसून निकेल आहे, म्हणजे वस्तू बहुधा १९३० च्या आधीची किंवा आसपासची. निकेल मऊ असतं. त्याला फक्त फडकं.

खरंच पुन्हा रंगवायची वेळ आली, म्हणजे मूळ काही उरलंच नसेल, तर दोन गोष्टी रंगवणाऱ्याला लिहून द्या. एक, जाड वाळूचा मारा नको. ५३१ नळी मधोमध अर्धा मिलिमीटर आणि थोडी वर, इतकीच जाड असते. दुसरी, पावडर कोटिंग नको. ते टिकाऊ असतं हे मान्य, पण जाड बसतं आणि लगच्या धारदार कडा केकवरच्या आयसिंगसारख्या गोल करून टाकतं. भट्टीचा इनॅमल मागा. आणि कुठे तुटलं असेल तर साधं वेल्डिंग अजिबात नाही. ५३१ हे पितळ किंवा चांदीच्या डागासाठी बनवलेलं पोलाद आहे.

छर्रे, चाकं, गिअर

छर्रे सगळे नवे घाला. जुने चकचकीत दिसले तरी. बीबीला पाव इंची, एका बाजूला अकरा. पुढच्या हबला ३/१६ चे दहा-दहा, मागच्या हबला पाव इंची नऊ-नऊ. हेडला बहुधा ५/३२, पण जुन्या लाइटवेटमध्ये १/८ चेही असतात, म्हणून काढताना मोजा आणि मापा. वाटी छर्‍यांनी भरल्यावर एक छर्‍याची जागा रिकामी राहायला हवी; ठासून भरले की फिरत नाहीत. कोन (छर्‍यांना आतून टेकणारा निमुळता नट) आणि कपाच्या वाटेत नखाला खड्डा लागला तर तो भाग बदला. कोन घट्ट करताना किंचित सैल ठेवा, चाक बसवून नट आवळला की तेवढं आपोआप भरून निघतं.

टायरच्या बाबतीत आकड्यांवर जाऊ नका, रिमचा व्यास पाहा. २७ × १ १/४ म्हणजे ६३० मिमी, आणि हे टायर अजून बनतात. आपला २८ × १ १/२ म्हणजे ६३५. पाच मिलिमीटरचा फरक, पण तो टायर या रिमवर बसणार नाही. युद्धाआधीच्या लाइटवेटला २६ × १ १/४ असतो, ५९७ चा. त्याच्या जागी २६ × १ ३/८ चालेल असं दुकानात सांगतात. नाही चालत, तो ५९० चा आहे. नळीवाले (रिमला चिकटवायचे) टायर असतील तर चाक आजच्या ७०० सी एवढंच. २७ च्या फ्रेममध्ये ७०० सी चाकं घालायची असतील तर रिम ४ मिमी खाली येते, ब्रेकचे गुटके तेवढे खाली सरकतात का हे आधी पाहा. जुन्या रिमला आतून टायरची कड धरणारा हूक नसतो. हवा ७० पौंडांच्या वर नेऊ नका.

आउट काढताना जुने आरे आवळण्याआधी प्रत्येक निपलला तेलाचा थेंब आणि एक दिवस विश्रांती. मग आधी अर्धा आटा सैल, नंतर घट्ट. काका हे न बोलता करायचे, मी तीन आरे तोडून शिकलो.

स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हब १९३६ पासूनचा आहे आणि तो सहसा मरत नाही, फक्त सुकतो. तो उघडायची हौस आवरा. कवचावरच्या झाकणातून रॉकेलसारखं पातळ काहीतरी चमचाभर घाला, चाक फिरवा, रात्रभर आडवं ठेवा, काळं पाणी निथळू द्या, मग हलकं मशीन ऑइल. ग्रीस नाही. पहिला गिअर सरळ चालीपेक्षा पाव हिश्शाने हलका, तिसरा एक तृतीयांशाने जड. जुळवायला लीव्हर मधल्या गिअरवर ठेवा आणि उजव्या नटाच्या गोल खिडकीतून पाहा: साखळीच्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवं. हे चुकलं तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये हब मोकळा सुटतो. चढावर उभं राहून पायडल मारताना तसं झालं तर तोंडावर आपटाल. गंमत म्हणून सांगत नाही.

चेन एका दात्याला आणि हबला १/८ रुंद, डिरेलरला (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला) ३/३२. युद्धाआधीच्या ट्रॅक सायकलीत कधी एक इंच पिचची चेन सापडते, चेनचाकाचे दात एकमेकांपासून दूर दूर असतात त्यावरून ओळखा. ती आणि तिचं चेनचाक जोडीनेच सांभाळा.

ब्रेक, गादी आणि पहिली चक्कर

ब्रेकच्या आतल्या तारा नव्याच. जुनी तार निपलपाशी आतून तुटत आलेली असते. गुटक्याच्या धातूच्या खोबणीचं एक तोंड बंद असतं, ते नेहमी पुढच्या दिशेला. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताच गुटका पुढे सरकून बाहेर पडतो, आणि हातात लीव्हर राहतो. पोलादी रिम पावसात थांबत नाही हे धरूनच चाला.

चामड्याची ब्रुक्सची गादी कडक झाली असेल तर तेलात भिजवू नका, ती लोळागोळा होते. खालून-वरून गादीचं मेण लावा, दोन दिवस उबदार जागी ठेवा, पुन्हा लावा. रिव्हेटपाशी चीर असेल तर ती बसायची नाही, भिंतीवर टांगायची.

कॉटर पिना बसवताना दोन्हींची तोंडं एकमेकींच्या उलट, म्हणजे एका क्रँकची वरून तर दुसऱ्याची खालून. नव्या पिनेचा सपाट भाग कानशीने थोडा थोडा घासून दोन्ही क्रँक एका रेषेत आणा. पिन ठोकून किंवा दाबून बसवायची, नट फक्त तिला धरून ठेवतो. नटाने ओढायला गेलात तर आटे जातात.

आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर ती पुन्हा ठोकून नट आवळायचा. सैल कॉटरवर चालवलेला क्रँक खोबण खाऊन कायमचा जातो. म्हणून पहिल्या चकरीला खिशात पाना आणि छोटी हातोडी. माझी पहिली चक्कर डर्बीहून मॅटलॉकच्या बाजूला होती. परतताना उजव्या पायाखाली टक्-टक् सुरू झाली आणि बसस्टॉपच्या बाकावर सायकल उलटी करून मी पिन ठोकत बसलो. बसची वाट पाहणाऱ्या बाईंनी काळ्या रंगावर उरलेला हिरवा ठिपका दाखवून विचारलं, इथे रंगवायचं राहिलं का? बीबीच्या तळाशी तेवढा मी मुद्दाम ठेवला आहे.